तिसरी चाचणी टेबलावर झाली

पुण्याला माझं पोस्टिंग आलं तेव्हा नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. हुद्दा हवालदार, ट्रेड वेल्डर. त्याआधीची तीन वर्षं उत्तर सीमेवरच्या एका डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, काढली होती. तिथे सकाळी पाण्याची बादली उलटी केली तर पाणी पडत नसे. त्यामुळे पुणं मला बक्षीस वाटलं. सोमवारी सकाळी सात चाळीसला वर्कशॉपच्या गेटवर रिपोर्ट केला. आठला फॉल-इन, साडेआठला कामावर. दुपारपर्यंत फॅमिली क्वार्टरचा अर्ज देऊन झाला होता.

फौजी म्हटला की सिव्हिलियन लोकांना बंदूकच दिसते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दर पंधरा ऑगस्टला मला भाषणाला उभं करतात आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "काका, तुम्ही किती जणांना उडवलं?" मी सांगतो की मी आयुष्यभर फुटक्या वस्तू जोडल्या. रेडिएटर, पाइपा, लंगरखान्याची भांडी, बोटींची बूडं. हे ऐकून श्रोत्यांचा चेहरा पडतो आणि भाषण पाच मिनिटांत आटोपतं. सोसायटीला तेच सोयीचं असतं, कारण नंतर सामोसे असतात. आता जे सांगणार आहे ते पाच मिनिटांत मावणारं नाही, आणि सामोशांआधी सांगण्यासारखंही नाही. म्हणून लिहून काढतो.

पुण्याच्या वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली सहा वेल्डर होते. त्यातला एक नाईक गजानन बोरकुटे. चंद्रपूरकडचा, अंगाने काडी, बोलायला कमी. रिक्रूट असताना ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर मी दिला होता. म्हणून तो मला 'उस्ताद' म्हणायचा. फौजेत उस्ताद हा शब्द साधा नाही. ज्याने शिकवलं त्याच्यापुढे माणूस हवालदाराचा सुभेदार झाला तरी जरा वाकूनच बोलतो. बोरकुटेही वाकूनच बोलायचा. पंचाईत एवढीच होती, की त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

हे मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्या वर्कशॉपला कळलं आहे हे कळलं. ऑफिसर्स मेसमधून काही फुटकं आलं की आणणारा जवान दारातूनच विचारायचा, "बोरकुटे साब हैं?" नाईकाला कुणी साब म्हणत नाही. मी तिथेच चार पावलांवर हजर असायचो.

घरीही सुटका नव्हती. आमच्याकडे ॲल्युमिनियमचं एक मोठं पातेलं होतं, त्याची कड चिरली होती. मी ते गॅस वेल्डिंगने जोडून दिलं होतं. जोड जरा गाठाळ आला होता, पण गळत नव्हता. मी ड्यूटीवर गावाबाहेर असताना बायकोने ते बोरकुटेकडे दिलं. त्याने माझी गाठ घासून काढली आणि नव्याने जोड घातला. मी परत आलो तर सुशीला पातेलं घेऊन समोर उभी.

"अहो, बोट फिरवून बघा. कुठे फुटलं होतं ते कळतसुद्धा नाही."

मी बोट फिरवलं नाही. त्या पातेल्यातला भात मला बरेच दिवस गोड लागला नाही. चाळिशीला टेकलेला माणूस भांड्यावरून जळतो हे सांगायला लाज वाटते, पण जळत होतो.

त्या सुमाराला बाहेरचा माल देशात सहज यायला लागला होता. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. हिंजवडीच्या उसाच्या फडात मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या. आणि आमच्या वर्कशॉपमध्ये एका बुधवारी लाकडी खोक्यातून परदेशी टिग मशीन आलं.

टिग वेल्डिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई. दुसऱ्या हातात भरणीची बारीक काडी. वरून आरगॉन गॅसचा झोत, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. पातळ ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण करंट सारखा कमी-जास्त करावा लागतो. सुरुवातीला थोडा, मग चढता, शेवटी हळूहळू उतरता. एकदम तोडला तर जोडाच्या टोकाला खळगा पडतो आणि तिथूनच पुढे चीर जाते. आता दोन्ही हात गुंतलेले, मग करंट सांभाळायचा कशाने? त्याची दोन उत्तरं खोक्यात होती. एक पेडल, शिलाई मशीनला असतं तसं, पायाने दाबायचं. दुसरं एक छोटं चाक, टॉर्चच्या दांड्यावर बसवायचं आणि बोटाने फिरवायचं.

खोका उघडला लान्स नाईक तुकाराम कुदळेने. तो आमचा स्टोअरकीपर, हिंजवडीचाच. ज्यांच्या शेतात खुंट्या ठोकल्या जात होत्या त्यातलं एक घर त्याचं. यादीप्रमाणे एकेक वस्तू बाहेर काढून तो म्हणाला, "हवालदार, एक पायाचं हाय, एक हाताचं हाय. डोस्क्याचं काय पाठवलं न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. कुदळेवर कुणाचा राग राहत नसे. वर्कशॉपमधला तो एकच माणूस होता, जो बोरकुटेचं कौतुक माझ्यासमोर करायचा नाही. त्याला माझं दुखणं समजलं होतं असं मला आज वाटतं.

मी पेडल घेतलं. बोरकुटेने चाक घेतलं. कुणी वाटून दिलं नव्हतं, ज्याला जे जमलं ते त्याने धरलं. टेबलाशी बसून काम असलं की पेडलाला तोड नाही. पाय जड असला तरी समजूतदार असतो, हात मोकळे राहतात, टॉर्च हलत नाही. चाकाचं तसं नाही. चाक फिरवताना टॉर्च धरलेलं तेच बोट हलतं, आणि जाड हातमोजा असला की टोक थरथरतं. मला चाक कधी जमलं नाही. बोरकुटेला आठ दिवसांत जमलं.

तीन आठवड्यांनी वर्कशॉपच्या मेजर साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"जगताप, ऐसी और मशीनें आएँगी. कंट्रोल एक ही टाइप का मंगवाएँगे, पैर का या हाथ का. ट्रायल करो, रिपोर्ट दो. जो पास होगा, वही सब जगह जाएगा."

"यस सर."

"और जिसका पास होगा, वही सब डिटॅचमेंट के वेल्डरों को सिखाएगा. इन्स्ट्रक्टर की पोस्ट जेसीओ की है. समझे?"

मला समजलं. हवालदाराच्या खांद्यावर तारा चढला की तो नायब सुभेदार होतो, जेसीओ होतो. माझी ती शेवटची संधी होती. त्या वर्षी तारा मिळाला नाही तर मी हवालदार म्हणूनच घरी जाणार होतो. बोरकुटे नाईक, त्याला एकदम तारा मिळणं शक्य नव्हतं. पण चाक पास झालं असतं तर मला पोस्ट मिळाली नसती, आणि चाक शिकायला माझ्याच शिष्याच्या वर्गात बसावं लागलं असतं. ट्रायल घेणारा मी, रिपोर्ट लिहिणारा मी. मेजर साहेबांचा माझ्यावर विश्वास होता.

चाचण्या तीन ठरल्या. पहिली ॲल्युमिनियमची पत्रा-पट्टी, टेबलावर. दुसरी स्टेनलेसची पातळ पट्टी, टेबलावर. तिसरी स्टेनलेसची पाण्याची पाइप, जमिनीलगत, चरात. वर्कशॉपच्या मागे गुडघाभर खोलीचा एक चर होता, त्यात पाइप टाकून ठेवायला सांगितली. मेजर साहेब म्हणाले, "जैसा फॉरवर्ड एरिया में होता है, वैसा. लेट के."

आदल्या दिवशी दुपारी बोरकुटे त्या चरात सराव करत होता. मी स्टोअरच्या खिडकीतून बघत होतो. तो कुशीवर झोपला, एक खांदा चिखलात, एक हात पाइपच्या पलीकडून घातलेला. पाय कुठे होते त्याचा त्यालाही पत्ता नसावा. बोटाने चाक फिरवत त्याने पाइपभोवती जोडाचा पूर्ण वेढा घातला. बारा मिनिटं. उठल्यावर त्याने जोडाकडे एकदा बघितलं, मातीचा हात पँटला पुसला आणि चहाला गेला. मला त्याचा इतका राग आला की हातातला रजिस्टरचा कागद दुमडला गेला.

साडेपाचला सगळे गेल्यावर मी चरात उतरलो. पेडल पायाखाली ठेवलं, पाय पोचेना. गुडघ्याखाली ठेवलं, करंट एकदम पूर्ण यायचा आणि पाइपला भोक पडायचं. कमरेखाली ठेवून पाहिलं, तेही जमेना. शेवटी चराच्या पाण्यात पेडल ओलं झालं आणि मला हलकासा झटका बसला. मी वर आलो, पाइप पुसली आणि भोक पडलेला तुकडा भंगारात टाकला.

सीमेवरची तीन वर्षं मी अशाच चरांत झोपून काढली होती. तिथे कुठली वस्तू टेबलावर येत नाही, आपणच तिच्याकडे सरपटत जायचं असतं. चाक हवं हे मला त्या संध्याकाळी पुरतं कळलं होतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चुकलो असं कुणी म्हणायला नको. चुकणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी नऊला ट्रायल सुरू झाली. पहिली चाचणी मी जिंकली. बोरकुटेच्या जोडाच्या टोकाला बारीक खळगा होता. मेजर साहेबांनी भिंगातून बघून मान हलवली. दुसरी बरोबरीत सुटली. अकरा दहाला फोन आला आणि मेजर साहेबांना हेडक्वार्टरला कॉन्फरन्सला जावं लागलं. जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले, "तीसरा तुम करा लो, जगताप. रिपोर्ट शाम तक."

जीप गेटबाहेर गेली. मी कुदळेला म्हणालो, "पाइप चरातून काढ. टेबलावर व्हाइसमध्ये बांध."

कुदळे म्हणाला, "चरात करायची व्हती ना?"

"चरात पाणी आहे. शॉक बसेल. टेबलावर घे."

त्याने पाइप आणून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. मी स्टुलावर बसलो, पाय पेडलवर ठेवला आणि उत्तम जोड दिला. बोरकुटेनेही दिला. दोन्ही चांगले. माझा थोडा जास्त चांगला.

काम झाल्यावर बोरकुटे हळूच म्हणाला, "उस्ताद, तिकडे टेबल कुठून आणू?"

"कुठे?"

"तिकडे. वरतं. चरात झोपून पेडल कसं दाबू?"

तोंडाला आलं ते बोललो. "पेडलवर दुसरा माणूस बसव. तू सांग, तो दाबेल."

"दुसऱ्याच्या पायानं वेल्डिंग?"

"हुकूम काय असेल तो असेल, बोरकुटे."

"जी, उस्ताद."

तो मेजर साहेबांकडे जाऊ शकला असता. एवढंच सांगायचं होतं, की तिसरी चाचणी चरात झाली नाही. मी दोन दिवस त्याची वाट बघितली. तो गेला नाही. मी त्याचा उस्ताद होतो म्हणून गेला नाही, आणि हे मला माहीत होतं म्हणूनच माझं धाडस झालं होतं.

रिपोर्ट मी स्वतः टाइप केला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. 'तिसरी चाचणी, स्टेनलेस पाइप. पायाचे पेडल समाधानकारक.' आणि शेवटी, बोरकुटेने टोचलं होतं म्हणून, एक ओळ. 'अडचणीच्या जागी दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी.' त्याच दिवशी संध्याकाळी चार वीसला मेजर साहेबांनी सही केली. पेडल पास झालं.

पाच महिन्यांनी माझ्या खांद्यावर तारा चढला. सुशीलेने शेजारपाजारी पेढे वाटले. बोरकुटे बायकोला घेऊन क्वार्टरवर आला, माझ्या पाया पडला. त्याच्या बायकोने सुशीलेला सांगितलं, "हे म्हणतात, जे येतं ते उस्तादांनीच शिकवलं." मला वाटलं होतं, आता तरी पोटातली जळजळ थांबेल. ती थांबली नाही. आता तो माझ्यापेक्षा मोठ्या मनाचाही निघाला होता. हात चांगला असला तर असो, माणूसही चांगला असावा हे जरा जास्तच झालं, असं मला वाटत होतं.

पुढच्या वसंतात नवी मशीनं आली आणि एक मशीन उत्तरेच्या डिटॅचमेंटला गेलं. वेल्डर बोरकुटे, स्टोअरकीपर कुदळे. ते निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहिले. कुदळेने एक इश्यू स्लिप माझ्यासमोर ठेवली. त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'हँड कंट्रोल, एक नग.'

"साहेब, त्यो हातवाला डबा स्टोअरात नुसता पडून हाय. सोबत नेतो. तुमची सही लागंल."

बोरकुटे खाली बघत होता.

"पास झालेला नाही," मी म्हणालो. "इश्यू कसा होईल?"

"वापरलं तर कुनी इचारतंय का तिकडं?"

"कुदळे, मी विचारतोय ना."

त्याने स्लिप उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. "बरं हाय," म्हणाला. सही करायला मला तीन सेकंद लागले असते. पण सही केली असती तर चाकाची गरज आहे हे कागदावर आलं असतं, आणि माझ्या ताऱ्याखालचा रिपोर्ट कुणीतरी पुन्हा उघडला असता. हे एक कारण. दुसरं कारण असं, की तिथेही बोरकुटेचीच वाहवा झालेली मला नको होती.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तीन वीसला मेजर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात सिग्नलचा, म्हणजे वायरलेसवरून आलेल्या संदेशाचा, कागद होता. तो त्यांनी वाचून दाखवला नाही, माझ्याकडे दिला. चार ओळी होत्या. लान्स नाईक कुदळे किल्ड इन ॲक्शन. नाईक बोरकुटे वूंडेड. वेळ दहा त्रेपन्न. हिंजवडीला घरी कळवायला माझीच ड्यूटी लागली. कुदळेच्या आईने मला बसायला घोंगडं टाकलं आणि मी सांगेपर्यंत पाणी प्या म्हणत राहिली. बाकी त्या दिवसाचं मी लिहीत नाही.

काय झालं ते बोरकुटेने दीड महिन्याने सांगितलं. हॉस्पिटलमधून सुटून तो वर्कशॉपला आला तेव्हा त्याच्या डाव्या कानाला पट्टी होती. त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मी बस म्हटलं तरी तो बसला नाही. सावधान उभं राहून सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. त्याच्याच क्रमाने सांगतो.

गोठलेल्या पाण्याने पोस्टच्या दवाखान्याकडे जाणारी स्टीलची पाइप जोडावर फुटली होती. ती एका खोल चरातून, वर आलेल्या खडकाखालून गेलेली. दहा पंधराला बोरकुटे चरात उतरला. आत झोपल्यावर बाजूला वीतभर जागा उरत होती आणि तळाला पाणी होतं. पेडल तिथे ठेवता येईना. केबल पुरेल तेवढ्या अंतरावर, चराच्या काठावर, एक सपाट धोंडा होता, अगदी उघड्यावर. पेडल तिथे ठेवलं. डिटॅचमेंटमधले बाकीचे चौघं वाहनाच्या कामावर होते. बोरकुटेने कुदळेला विचारलं, "येतो का?" कुदळे आला. धोंड्यावर बसला.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. उन्हाळ्यापासून असं काम त्यांनी सहा-सात वेळा केलं होतं.

"दाब."

"दाबलं."

"अर्धं कर."

"केलं."

"धर तसंच."

"धरलंय."

"हळू सोड. हळू."

"सोडलं."

दहा पन्नासला पलीकडून तोफेचा पहिला गोळा पडला, बराच लांब. त्या भागात ते रोजचंच होतं. बोरकुटेने चरातून विचारलं, "तुकाराम, वर काय आहे?"

"लांब हाय. तुमी चालू द्या. पानी न्हाय सकाळधरनं दवाखान्याला."

पाइपचा दोन तृतीयांश वेढा झाला होता. बोरकुटे म्हणाला, "दाब." कुदळे म्हणाला, "दाबलं." मग एकदम करंट गेला. चेहऱ्यावर काळा मुखवटा असल्यामुळे बोरकुटेला काही दिसत नव्हतं, आणि कानात फक्त शिट्टी वाजत होती. त्याला वाटलं, कुदळेचा पाय उचलला गेला. तो ओरडला, "दाब." पुन्हा ओरडला, "तुकाराम, दाब ना."

मग त्याने मुखवटा वर केला.

चर खोल होता, वर खडक होता. बोरकुटेला कानाखेरीज कुठे ओरखडासुद्धा नव्हता. कुदळे काठावर होता.

सांगून झाल्यावर बोरकुटे थांबला. मी वाट बघितली. तो चरातल्या चाचणीचं नाव काढेल, स्लिपचं काढेल, मला शिवी देईल. त्याने सॅल्यूट केला आणि गेला. शिवी दिली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो. त्याने मला तेवढीही जागा दिली नाही. त्याचा मी कित्येक वर्षं राग धरला.

मी सुभेदार होऊन रिटायर झालो. कर्वेनगरला फ्लॅट घेतला. बोरकुटे कानामुळे लवकर घरी आला आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागला. तिथे तो चाकावरच काम करतो. कुदळ्यांचं शेत गेलं. त्या जागी काचेची इमारत उभी आहे, आणि माझी मुलगी रोज सकाळी सात पस्तीसला कंपनीच्या बसने तिथेच जाते. ती कुणाच्या उसाच्या फडात बसून कॉम्प्युटर चालवते हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

कुदळ्यांचं घर मात्र गावठाणात आहे तिथेच आहे. दर वर्षी तुकाराम गेला त्या दिवशी ते आम्हा दोघांना जेवायला बोलावतात. पहिलं ताट बोरकुटेचं. त्याच्या बहिऱ्या कानाकडे कुणी बसत नाही, सगळे उजवीकडे सरकून बसतात. तुकारामची मुलगी त्याला 'गजाकाका' म्हणते. मला 'सुभेदार साहेब' म्हणते. आणि मी, ज्याला त्या घरात तोंड दाखवायचा हक्क नव्हता, तिथे मांडी घालून बोरकुटेच्या ताटावर जळायचो. तो तुकारामबरोबर होता, तुकारामचा शेवटचा शब्द त्याने ऐकला, म्हणून त्याला सांगण्यासारखं काहीतरी आहे. माझ्याकडे फक्त न सांगण्यासारखं.

यंदा मी सांगितलं. तुकारामची आई गेल्या वर्षी वारली. ती गेल्यावर मला एकाएकी वाटलं, आता एकेक जण निघून जाईल आणि हे माझ्यापाशीच राहील. जेवणं झाली होती. बोरकुटे ओसरीवर हात धूत होता. मी तुकारामच्या थोरल्या भावाला, ज्ञानोबाला, सगळं सांगितलं. चर, टेबल, रिपोर्ट, स्लिप. सहा-सात मिनिटं लागली असतील.

ज्ञानोबा सुपारी कातरत होता. थांबला नाही.

"म्हाईत हाय, सुभेदार."

"काय माहीत आहे?"

"हेच. बोरकुट्यांनी पयल्याच साली सांगितलं. आईनं खोदून इचारलं, म्हनून. म्हनले, इस्टोअरकीपर पेडलवर कसा, त्ये सांगावंच लागंल."

"मग मला दर वर्षी..."

"आई म्हनली, त्यांला बोलवायचं. त्या मानसाला आपल्या घरी घास उतरत न्हाई, म्हंजी त्याच्या पोटात हाय. एक दिवस सोता सांगंल. आपुन कुनी इचारायचं न्हाई." त्याने सुपारी माझ्यापुढे केली. "वाट बघितली हो तिनं. लई."

मी सुपारी घेतली. खरं सांगतो, त्या क्षणी मला सगळ्यात आधी वाटला तो बोरकुटेचा हेवा. मला जे सांगायला एवढी वर्षं लागली, ते त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि नंतर दर वर्षी माझ्या शेजारी बसून गप्प राहून जेवला होता. रडू त्यानंतर आलं. ते माझ्यासाठी होतं की त्या म्हातारीसाठी, मला सांगता येणार नाही.

बोरकुटे हात पुसत आत आला. ज्ञानोबाने मान हलवली. बोरकुटेला काय समजायचं ते समजलं असावं. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे राहील.

लान्स नाईक तुकाराम कुदळे. वय एकतीस. ट्रेड स्टोअरकीपर. त्याचं रजिस्टर कधी चुकलं नाही. मागे आई, भाऊ, बायको मंगल आणि चार वर्षांची एक मुलगी. वेल्डिंग त्याला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. त्या दिवशी पेडलवर बसायचा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. दुसरा माणूस लागणार होता, म्हणून तो जाऊन बसला.